पाचव्या शीलाला गप्प

४ जानेवारी १९६२, अकोट

शालू गेली. वच्छलेला कडेवर घेऊन, सकाळच्या एस.टी.नं, अंजनगावला माहेरी. भांडली नाही, रडली नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "पुंजाजीबाबाच्या रविवारात बसा. त्याईचा निरोप आला तरच येईन मी."

मी मास्तर माणूस! त्या कापसाच्या जिनातल्या हमालांत जाऊन बसू?

७ जानेवारी

गेलो नाही. प्यालो.

१३ जानेवारी

हेडमास्तर किसनराव आज म्हणाले, "देवमन, पुरे झाला आता तुझा हिवताप." म्हणजे सगळं माहीत होतं तर! सात वर्षं शालू त्यांच्या दारात जाऊन सांगत आली — त्याईले ताप आहे. साऱ्या तालुक्यात माझ्याएवढा हिवताप कुणाला झाला नसेल.

तिच्या कपाळाला टाके पडले तेव्हाही दवाखान्यात म्हणाली, ओट्यावरून पडली. ओट्यावरून! आमच्या घराला ओटाच नाही. माझ्या हातात तांब्या होता.

१४ जानेवारी

गेलो शेवटी. विहार म्हणजे टिनाचं छप्पर आणि सारवलेली जमीन. वंदना झाली, बायका-पोरं उठून गेली, आम्ही दहा जण उरलो. सगळ्यांच्या अंगाला सरकीचा वास. पुंजाजीबाबा पुढं. हा एके काळचा हातभट्टीवाला आणि मी त्याचं रोजचं गिऱ्हाईक! छप्पन साली नागपूरला एकाच ट्रकमधून गेलो, दीक्षा घेतली, दारू पिणार नाही म्हणून शपथ घेतली. परत येऊन त्यानं भट्टीची मडकी फोडली. मी दुसरी भट्टी शोधली.

यांची रीत अशी. पंचशील पुन्हा एकदा मिळून म्हणायचं. जे शील ज्यानं मोडलं, त्याला त्यानं तोंड मिटून बसायचं. पाचवं दारूचं. कुणी विचारत नाही, वळून पाहत नाही. मात्र पाचव्याला जो गप्प राहील त्याच्या घरी पुढचे सात दिवस, संध्याकाळी, कुणीतरी जाऊन बसतं. भट्टीवर जायची वेळ टळेपर्यंत.

आज दोघं गप्प राहिले. मी खणखणीत म्हटलं, वर्गात म्हणतो तसं. शुक्रवारी प्यालो होतो. पण हमाल माझ्या घरी राखणीला बसणार? हट्!

२१ जानेवारी

पुन्हा खणखणीत.

२८ जानेवारी

पुन्हा. निघताना पुंजाजीबाबा म्हणाले, "मास्तर, आवाज लय मोठा लागला तुमचा." शालूला निरोप धाडा म्हटलं, तर म्हणाले, "धाडू नं. घाई कायची हाय?"

म्हातारा मला ओळखून आहे. राग राग झाला. सरळ भट्टीवर गेलो.

४ फेब्रुवारी

आजपासून बंद. शालूसाठी नाही, त्या म्हाताऱ्याचं नाक कापायला.

१८ फेब्रुवारी

चौदा दिवस. खरोखरचे. फळ्यावर 'कमळ' लिहिताना खडू दोनदा पडला. पोरं हसली. लोक म्हणतात, सोडली की हलकं वाटतं. कसलं हलकं! भाकरीचा राग येतो, शाळेच्या घंटेचा राग येतो, जिनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग दिसली तरी राग येतो.

बाजारात शालूचा भाऊ बुधाजी भेटला. "जवाईबुवा, टरेनिंग संपली काय तुमची?" मी म्हटलं, कसली? तर शालूनं माहेरी सांगितलंय, मास्तर ट्रेनिंगला गेले, म्हणून आली मी राहायला. मी म्हटलं, चालू आहे अजून.

२५ फेब्रुवारी

एकवीस. आज हळू म्हटलं. पुंजाजीबाबांनी पाहिलं नाही, पण ऐकलं.

२ मार्च

पुंजाजीबाबा शाळेत आले. "धाडला निरोप. परवा रविवारी येऊन राहिली शालू." काय सांगितलं तिला, विचारलं. "येऊन पाह्य म्हटलं, अजून काय!"

सव्वीस दिवस झाले होते. आनंदानं प्यालो. आनंदानं! गाढव. गाढवसुद्धा पीत नाही.

३ मार्च

कुणाला कळलेलं नाही. बाबांनाही नाही. उद्या नुसतं ते एक वाक्य म्हणायचं आहे, की बायको-पोर घरी. तीन रविवार म्हटलंच होतं की. जमेल.

४ मार्च

शालू आली. वंदना झाल्यावर बायका उठल्या, ती बसून राहिली, वच्छला मांडीवर. बाबांनी तिला उठवलं नाही. शालू आमच्याबरोबर म्हणू लागली. पहिलं, दुसरं, तिसरं — तिचा आवाज माझ्या पाठीमागं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही. आवाज थांबला.

हिवताप. ओटा. ट्रेनिंग. सगळं खोटं माझ्यापायी, आणि तोंड मिटून बसली ती! मी चौथं म्हणतच होतो. लाज वाटली. इतकी कधी वाटली नव्हती.

पाचव्याला मी गप्प राहिलो.

कुणी वळून पाहिलं नाही. संपल्यावर बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "उद्या मास्तरच्या घरी कोन बसते?" तिघांनी हात वर केले. त्यांच्याआधी मागून शालू म्हणाली, "उद्या मी बसीन. परवाचं परवा पाहू."