खुर्चीचा चौथा पाय दादाला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा तंबाखूचे पाइप बनवणे, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. बायको दोनदा आत येऊन "अहो, बरं वाटत नाहीये का?" असे विचारून गेली, ते दडपण समजू नये. तब्येत ठणठणीत आहे. पण थोरला भाऊ शहात्तर वर्षांचा झाला आणि आमचे एक भांडण निकाली निघायचे आहे. मृत्युपत्र मी मेल्यावरच लागू होते, असे वकिलांनी तीनदा सांगितले. तेवढी एक अडचण आहे.

१. राहते घर, सामान आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. कपाट उघडायला खालून लाथ मारावी लागते, ती तिला माझ्यापेक्षा चांगली जमते.

२. दुकान, लेथ, कानशी, गिरमिटे आणि माळ्यावर वाळत ठेवलेले लाकूड मुलीला. गेली सहा वर्षे सरळ भोकाचे पाइप तिचे आणि 'कलात्मक' पाइप माझे, हे आता उघड करायला हरकत नाही. मात्र मला धुराने ठसका लागतो, हे तिने गिऱ्हाइकांना सांगू नये. हवा नीट खेचली जाते का ते बघायला मी रिकामा पाइप तोंडात धरून बसतो आणि लोकांना वाटते, मोठा विचार चालला आहे. तो समज तसाच राहावा.

३. शेजारच्या घड्याळजींना एक पाइप द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही म्हणे, आणि त्यांना तर साक्षीदार व्हायची भारी हौस. त्यांनी हौस निवडली.

४. माझा पहिला पाइप दादाला, एका अटीवर.

एकतीस वर्षांपूर्वी मी दादाच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातत होतो. एका पायावर पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. चुकीची खूण दादाने खोडली नव्हती आणि मी नेमकी तिच्यावरच करवत चालवली. खुर्चीला बसवल्यावर पाय दोन बोटे आखूड निघाला. दादाने तो उपटून माझ्या अंगावर फेकला. "घे! याचा पाइप कर आणि ओढत बस घरी!"

मी रागाच्या भरात खरेच केला. दांडीला बॉलपेनची नळी लावली, ती पहिल्याच दिवशी वाकली. घड्याळजींनी ओढून बघितला आणि म्हणाले, "धुराला पॉलिशचा वास येतोय, पण हातात छान बसतो." त्या एका वाक्यावर मी कारखान्यात परत गेलोच नाही. पुढचे अकरा पाइप भोक वाकडे गेल्यामुळे फुकट गेले. बाराव्यापासून घर चालले.

दादाचा कारखाना भिंतीपलीकडेच आहे. आम्ही बोलत नाही. माझा लेथ जास्त वाजला की तो भिंतीवर हातोडी मारतो, मीही उलट मारतो. ती तीन पायांची खुर्ची त्याने अजून भिंतीला टेकवून ठेवली आहे, असे मुलगी सांगते. मला दादाची आठवण रोज येते. अट एवढीच, की ती खूण आपली होती हे त्याने चारचौघांत कबूल करावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
सही: पाइपवाला
साक्षीदार १: घड्याळजी

पुरवणी, त्याच दिवशी:

दुसरा साक्षीदार आणतो म्हणून गेलेले घड्याळजी दादालाच घेऊन आले. त्याने कलम ४ उभ्यानेच वाचले.

"हे तू मेल्यावर देणार? आणि तोवर मी काय करू?"

"सही केलीस तर तेव्हाही मिळणार नाही," मी म्हणालो.

"मग आत्ताच दे."

"आधी बोल."

त्याने लेथवरचा भुसा फुंकला. "खूण माझीच होती. त्याच संध्याकाळी कळलं होतं मला. पण तू निघून गेला होतास."

मला रडू आले, याची नोंद असावी. पाइप त्याच्या हातात दिला. कलम ४ रद्द.

साक्षीदार २: थोरला भाऊ, स्वहस्ते. पाइप मिळाला. कारखान्यात जाऊन खुर्चीला लावून पाहिला आणि परत येऊन हे लिहितोय. अजूनही आखूडच आहे. उद्या सकाळी मापाची पट्टी घेऊन ये.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ११ मार्च, मंगळवार