नितळ पाण्याचा कॅन

ता. ९, शुक्रवार

प्रिय ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही. भाऊजींचा खोकला थांबला का?

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. का, तर मी म्हणे पाण्यात पाणी मिसळतो. मी? बाटली त्याच पाण्याने विसळल्याशिवाय मी कधी भरत नाही. चिठ्ठी वाकडी लागली तर सोडवून पुन्हा लावतो. इथे मला काटेकोरराव म्हणतात, ते काय उगीच?

आमचं काम तुला माहीत आहे. तुमच्या कोळंबीच्या तळ्यांतून समुद्रात जाणाऱ्या घाण पाण्यात नायट्रोजन फार असतो. ते पाणी टाकीत घेऊन त्यात समुद्रातलं शेवाळ सोडायचं आणि शेवाळाने किती नायट्रोजन शोषला ते मोजायचं. जमलं तर तुमच्या नाल्याच्या तोंडाशी शेवाळ लावणार होते. पण या खेपेला पाण्यात मुळात नायट्रोजनच नव्हता. शेवाळ उपाशी राहून फिकं पडलं. मॅडमना वाटलं, मी कॅन सांडला आणि समुद्राचं पाणी घालून भर केली.

तुमच्याकडून पाण्याचा कॅन आणणाऱ्या ड्रायव्हरवर मी भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "माझ्यावर काय डाफरतोस? या खेपेला तुझ्या ताईनेच कॅन भरून दिला. नाल्यावर नाही, तळ्यात समुद्राचं पाणी आत घेतात तिथे. म्हणते, एवढ्या शिकलेल्या बाईंकडे आपलं घाण पाणी कसं पाठवायचं?"

ताई, पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं तू पाणी आवरलंस? आम्हाला घाणच हवी होती गं.

त्यानंतर, कॅन कोणी भरला, असं मॅडमनी मला विचारलं. भाऊजी तुझ्यावर किती तापतील एवढंच डोक्यात आलं, म्हणून मी गप्प राहिलो. त्यांना तीच कबुली वाटली. सगळ्यांसमोर माझ्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. हे मी का सोसायचं?

पत्र ड्रायव्हरच्याच हाती देतोय. सोबत रिकामा कॅन आहे. नाक दाबून नाल्यावर भर, आणि उद्या तो घेऊन तू स्वतः ये. मॅडमना तूच सांग. नाही आलीस तर सोमवारी मी स्वतः जाऊन तुझं नाव सांगणार. मग मला बोल लावू नकोस.

तुझ्यावर रागावलेला, तरी उद्या दारात उभा राहणारा,
तुझा धाकटा