दारातलं खाकरणं

बारामती,
३ डिसेंबर २०२५

ती. कुशाआत्यास,
उत्कर्षाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून पत्र. परदेशातल्या कॉलेजांसाठी एसएटी परीक्षा मी दोनदा दिली. कुठल्या वेळचे गुण पाठवायचे ते आपणच ठरवायचं असतं. मार्चचे पंधराशे दहा, ऑगस्टचे तेराशे चाळीस. मार्चचे पाठवले तरच शिष्यवृत्तीची आशा, आणि तिच्याशिवाय जाणं होणार नाही.

पण मार्चमध्ये पुण्याला गणिताचा पेपर चालू असताना खिडकीबाहेर बाबा खाकरले. घरात शिरताना खाकरायचे ना, तसेच. मला धीर आला, पुढची गणितं भराभर सुटली. बाहेर आले तर बाबा गाडीत बसल्या जागी गेलेले. डॉक्टर म्हणाले, मधल्या सुट्टीच्या आधीच गेले. गणित सुट्टीनंतर होतं, आत्या.

ऑगस्टमध्ये मी सगळा वेळ कान देऊन बसले, काही ऐकू आलं नाही. मार्चचे गुण मला माझे वाटत नाहीत, भीतीच वाटते त्यांची. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

पानभर तरी लिही, माया करतेस तेवढी शाईही खर्च कर.
तुझी उत्कर्षा


सणसर,
९ डिसेंबर

चि. उत्कर्षास, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

उसाला तोड आली आहे, म्हणून उशीर. पत्र वाचून फार रडले. माझ्या पाठचा भाऊ होता राम.

राम मिसरूड फुटल्यावर खाकरायला लागला, तेव्हा मी त्याला लई चिडवायची. तुझे आजोबा मला म्हणाले होते, गडी खाकरतो ते बायांनी हातातलं काम टाकून उठावं म्हणून न्हाय. आपण आलोय एवढं कळावं, पदर नीट करावा, बास.

राम आल्याचं सांगून गेला, एवढंच. गणितं तुझी तू सोडवलीस. त्याला तर बाराच्या पुढं पाढे येत नव्हते. मार्चचेच गुण पाठव. आणि परत आवाज आला तर उठू नकोस, काम चालू ठेव.

आईला जप. आत्याला विसरलीस तर तिकडं येऊन कान पिळीन.
तुझी कुशाआत्या


बारामती,
१४ डिसेंबर

ती. आत्यास, सा. नमस्कार.

काल संध्याकाळी मार्चचे गुण पाठवले. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. मी बटण दाबलं आणि दारात कुणीतरी खाकरलं.

तुझं ऐकलं. उठले नाही, खाली मान घालून पुढची माहिती भरत राहिले. दारात कुणी आलं नाही.

मग आईकडे पाहिलं. तिला मी अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली होती आणि ती पदर नीट करत होती.

तुझीच,
उत्कर्षा