लुडविना कोणाच्या नावे करू?

मी इनास पास्कू घोन्साल्विस, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त सुतार, धर्माने कॅथलिक, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि डोकं ठिकाणावर असताना करतो आहे. डोक्याचा दाखला डॉक्टर अबीगेल पेणकर यांनी दिला आहे. यकृताचाही त्यांनीच दिला, आणि तो वाचूनच या कागदाची घाई लागली. माझी पत्नी लुडविना, वय चौऱ्याहत्तर, हिला तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. तिची सही कुठेही घेऊ नये. आम्हाला एकच अपत्य, मुलगी रिना.

१. अंत्यविधी. मी आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत गेलो, तर शवपेटीवर फुलं नकोत. हा काळ उपासाचा, पापनिवेदनाचा आणि प्रभूची वाट पाहण्याचा आहे. हल्ली एक डिसेंबरलाच चर्चच्या कमानीवर लायटिंग चढतं. त्याबद्दल मी पॅरिश कौन्सिलला चार पत्रं दिली, एकाचंही उत्तर आलं नाही. माझ्या नावाचा फ्लेक्स तर अजिबात लावू नये. लावलाच, तर मी उठून तो ओढून काढीन.

२. हत्यारं. करवती, पटाश्या आणि दोन लहान रंधे शेजारच्या विनायकला द्यावेत. मोठा रंधा तो सहा वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो, काका" म्हणून घेऊन गेला आहे. आता बाकीची हत्यारंही त्याच्याचकडे जाऊ देत. चर्चचा नाताळचा गोठा मी एकतीस वर्षं बांधला, पुढे त्याने बांधावा. तो गणपतीची मखरं करतो, हात चांगला आहे. फक्त बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या मध्यरात्रीआधी गव्हाणीत ठेवायची नसते, हे त्याला कोणीतरी सांगावं.

३. घर. माझं स्वकष्टाचं दोन खोल्यांचं घर मुलगी रिना हिला द्यावं. तिला ते मिळू शकलं नाही, तर ते चर्चला जावं. "आईचा आमरण सांभाळ करील या अटीवर" असं वकीलबाईंनी मसुद्यात घातलं होतं. ती ओळ मी स्वतः खोडली आहे. का खोडली, ते लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा विसरला.

रिनाचं ओवे गावच्या केतन घरत या इसमाशी जमलं, ते मी कसंबसं गिळलं होतं. पण लग्नाची तारीख निघाली दहा डिसेंबर २००८. आगमनकाळात! मी म्हटलं, नाताळ होऊ द्या, मग करा. त्या मुलाचे वडील भगवान घरत घरी आले आणि हात जोडून म्हणाले, "नाताल झाला का आमचा धनुर्मास चालू, तवा आमच्यात लगीन नाय. संक्रांतीपतुर थांबावं, तर आमची म्हातारी थांबाची नाय." त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, तिला नातवाचं लग्न पाहायचं होतं. मी फादरकडे गेलो. वाटलं, ते माझी बाजू घेतील. फादर म्हणाले, "इनास, साधेपणाने केलं तर आगमनकाळातही चालतं." फादरना चाललं, मला चाललं नाही. फादरपेक्षा मी जास्त कॅथलिक निघालो.

त्या दिवशी लुडविना मोरपिशी साडी नेसून दारात उभी राहिली. मी म्हणालो, "तू गेलीस तर परत येऊ नकोस." ती गेली नाही. कपडे बदलले आणि भात टाकला. त्यानंतर रिनाने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. आईला ती बाजारात भेटायची, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे लुडविनाला माहीत होतं. घरात विषय कधी निघाला नाही.

इतकी वर्षं मी चर्चमधली पहाटेची मिस्सा चुकवली नाही, बुधवार-शुक्रवार मटणाला हात लावला नाही, आगमनाच्या चारही मेणबत्त्या ज्या त्या रविवारी पेटवल्या. हे मी अभिमानाने सांगत असे. आता सांगताना लाज वाटते. जिच्या लग्नाला मी तिच्या आईला जाऊ दिलं नाही, तिला आईच्या सांभाळाची अट मी घालू शकत नाही, म्हणून ती ओळ खोडली.

४. लुडविना. वकीलबाई म्हणाल्या, माणूस मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. मग कशाने देता येतो, असं मी विचारलं, तर त्यांनी पुढचं कलम वाचायला घेतलं. सिस्टरांच्या आश्रमात असे रुग्ण घेत नाहीत. डॉक्टरांच्या हिशेबाने माझ्याकडे पावसाळ्यापर्यंतचा वेळ आहे. बाकी सगळ्याची सोय लावता येते. हिची लावता येत नाही.

ती सगळं विसरली, पण तो एक दिवस विसरली नाही. रोज संध्याकाळी मोरपिशी साडी नेसते आणि दारात उभी राहते. "अहो, चला ना. उशीर होतोय. रिना वाट बघत असेल." मी म्हणतो, उद्या जाऊ. दुसरं काय म्हणणार? मला खूप चिडायला होतं आणि मग रडायला येतं, आणि दोन्हीचा तिला पत्ता नसतो.

गेल्या रविवारी मी पापनिवेदनाच्या रांगेत उभा असताना ती कडी काढून बाहेर पडली. रिक्षावाल्याला "ओव्याला, मुलीच्या लग्नाला" म्हणाली, आणि त्याने नेलं. मी तीन तास शोधत होतो. शेवटी तिला केतन घेऊन आला. तिच्या ओटीत नारळ होता, खण होता, तांदूळ होते. घरतांनी विहिणीचा मान केला होता. मी विचारलं, तुम्ही तिला काय सांगितलंत? तो म्हणाला, "आईंनी इचारलं, लगीन लागलं का? बाबा म्हंगाले, तुमच्याबिगर कसा लागंल?" एवढं सांगून तो गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. सुचलंच नाही.

मला वाटलं, आता तरी तिचं समाधान झालं. सोमवारी संध्याकाळी ती पुन्हा साडी नेसून दारात.

५. हे कलम सही करण्याआधी हाताने लिहीत आहे. आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. डॉक्टर अबीगेल साक्षीला आल्या आहेत. वकीलबाईही आहेत, पण स्वतः तयार केलेल्या कागदावर त्या साक्ष करत नाहीत. दुसरे साक्षीदार फादर, ते एका मरणासन्न आजाऱ्याला अंत्याभ्यंग द्यायला उरणला गेले आहेत. एवढ्यात केतन आला. त्याने लुडविनाची औषधं मागितली, तिचे कपडे कुठे आहेत ते विचारलं. ते दोघे तिला नेत आहेत, कायमची. रिना खाली गाडीत बसली आहे. ती वर येणार नाही म्हणाली.

मी त्याला सांगितलं, घर रिनाच्या नावे केलंय, फक्त एक साक्षीदार कमी आहे. त्याने लगेच पेन मागितलं. वकीलबाई घाईने म्हणाल्या, "तुम्ही नाही. कायद्याने साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर रिनाचं कलम रद्द, घर चर्चला जाईल."

केतन म्हणाला, "मंग तर मीच करतो. घर नको हाय आमाला. आईला न्यायला आलोय."

मी म्हणालो, रिनाला विचार. तो म्हणाला, "तिनंच पाठवलंय."

माझ्याकडे देण्यासारखं हे एकच होतं. तेही त्यांनी घेतलं नाही. मी त्याला थांबवू शकलो नाही, कारण कोणत्या तोंडाने थांबवणार? घराचं कलम आहे तसंच राहू द्यावं. मी दिलं होतं, एवढं रिनाला दिसू दे.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, माझ्या राहत्या घरी सही करत आहे.

इनास पास्कू घोन्साल्विस
पनवेल, १४ डिसेंबर २०२५

मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली :

साक्षीदार १ : डॉ. अबीगेल शमुएल पेणकर, पनवेल. नाते : नाही.

साक्षीदार २ : केतन भगवान घरत, ओवे. नाते : जावई. (ही जागा त्याने कोरी सोडली होती. मी भरली आहे. इ. पा. घो.)