रेघा कॅमेऱ्यात नव्हत्याच
वडगाव, गुरुवार, मे १९८७

थोरला भाऊ, अण्णा, आज संध्याकाळी पुन्हा तेच बोलला. मी काढलेली लग्नाची कॅसेट टीव्हीवर लावली, की पांढऱ्या रेघा. "बाईमाणसानं कॅमेरा धरल्यावर हेच हुणार गं. विकून टाक." मी हट्टानं निवडलेला कॅमेरा, विकू? वायर बदलली, व्हीसीआरचं हेड पुसलं, तरी रेघा तशाच. माझंच काही चुकतंय का? तेवढ्यात शेजारचे विणकर चहाला उठले, यंत्रमाग थांबले आणि रेघा गेल्या! माग सुरू, की रेघा हजर. दोष मागांच्या मोटारींचा, त्यांची नि आमची वीज एकाच लाइनीवरची. अण्णाला समोर बसवून दाखवलं. "व्हय की," एवढंच म्हणाला. वर म्हणतो, "रविवारी खासबागच्या लग्नात कॅमेरा मी धरतो." मी सांगितलं, "तू लाइट धर."