बेट रिकामं ठेवायचं नाही

सोमवार

पोचले एकदाची. बोटीतून उतरताना माझा एक पाय धक्क्यावर, दुसरा बोटीत, आणि मधलं अंतर वाढायला लागलं. शेवटी नावाड्यानं मला पोत्यासारखं उचलून वर ठेवलं. ओळखीचं कुणी बघत नव्हतं, म्हणून लाज वाचली. खोली छोटी पण स्वच्छ आहे, खिडकीतून निळंशार पाणी दिसतं. पडदे मात्र कुणीतरी उलट्या बाजूनं शिवलेत. शिंपीण सुट्टीवर गेली तरी तिचे डोळे कसली सुट्टी घेतात!

धाकटी पुढच्या सोमवारी येणार. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर पुरी कर, दुकानाला कुलूप लाव आणि मगच ये, असं तिला बजावून आलेय. कुरकुरली थोडी, पण आमच्या घरात ताईनं ठरवलं की ठरलं. आई गेल्यापासून तिच्या वेण्या मी घातल्या, मशीनवर मी बसवलं, ही सहलही मीच ठरवली. दोघींना एकाच ताग्यातून पिवळेधमक झगे शिवलेत. मैलभरावरून ओळखू येऊ.

मंगळवार

आज दिवसभर या बेटावरून त्या बेटावर. एका ठिकाणी श्वास रोखून पाण्याखालच्या भोकातून गुहेत शिरायचं होतं. शिरले. दुसऱ्या बेटावर उंच कड्यावरून समुद्रात उडी. बोटीतला एक पैलवान कड्यापर्यंत जाऊन परत फिरला, आणि मी नाक धरून मारली उडी. धाकटीला सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही.

सगळ्यात लांब एक छोटं बेट दिसत होतं. ते एका वेळी एकाच पाहुण्याला देतात, एका दिवसासाठी, असं नावाडी म्हणाला. मी म्हटलं, उद्या मीच. शिवाय सोमवारी माझी बहीण येईल, तिला खोलीवर टेकू न देता थेट तिथेच सोडा, नाहीतर ती झोपा काढत बसेल. नक्की येईल ना, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. मी बोलावलं आणि ती आली नाही, असं आजवर झालेलं नाही.

बुधवार

एकटीचं बेट! नारळाची झाडं, एक झोपडी, एक खाट, एक झोका. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे गिऱ्हाइकांची कटकट नाही.

नावाड्याची एक पद्धत आहे. आधी नवा माणूस उतरवायचा, मगच जुना बोटीत घ्यायचा. कालची पाहुणी बॅग डोक्यावर घेऊन पाण्यात उभीच होती. मी हसून विचारलं, कसं आहे बेट? ती माझ्या पायांकडे बघत राहिली. माझी दोन्ही पावलं वाळूत टेकली, तशी ती धावत सुटली आणि बोटीत चढली. मागे वळून पाहिलं नाही. एका दिवसाची पाहुणी, पण तिच्या झग्याचा घेर खालून गुडघ्यापर्यंत पार विरून गेला होता. इतकं कापड विरायला महिने लागतात.

वाळू सावलीतही कोमट आहे. पडलं की छान झोप लागते.

गुरुवार

सकाळी न्यायला यायचं ठरलं होतं. बोट आली, पण लांबूनच गेली. ओरडून घसा बसला.

आणखी एक गोष्ट. मी खाटेवर झोपले होते, तरी जाग आली तेव्हा पावलं वाळूत होती. वारा नव्हता. झटकून उठले. पावलं सुटायला जरा वेळ लागला.

शुक्रवार

नावाडी आला, पण किनाऱ्याला लागला नाही. पाण्याचा कॅन आणि खाण्याची पिशवी फेकली. मी पाण्यात शिरले की तो तेवढाच मागे सरकायचा. शिव्या दिल्या, हात जोडले. तो खाली मान घालून म्हणाला की हे बेट रिकामं ठेवायचं नाही. एकदा ठेवलं होतं, तर ते माणूस शोधत गावाकडे निघालं. किनाऱ्यावरची घरं राहिली नाहीत. दुसरं माणूस उतरल्याशिवाय पहिलं नेता येत नाही, आणि वाळू कमरेच्या वर गेली तर बदलीही चालत नाही.

जाताना म्हणाला, ताई, तुम्ही कशाला काळजी करता, सोमवारी तुमची बहीण येतेय ना.

शनिवार

पोहत निघाले. सरळ, समोरच्या बेटाकडे. हात गळून गेले तेव्हा पाय टेकले. वर पाहिलं तर तोच झोका. वाळूत पाण्याकडे गेलेली पावलं माझीच.

दुपारी खाटेवर उभी राहिले, झोप येऊ नये म्हणून. तरी लागलीच. उठले तेव्हा गुडघ्यापर्यंत वाळूत. खालून काहीतरी हळूहळू वरखाली होत होतं. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

रविवार

मांडीपर्यंत.

झग्याचा घेर विरला.

उद्या ती आली की ओरडायचं — उतरू नकोस. बोट परत जाईल. मग मी —

पण ती ऐकणारी आहे. माझं सगळं ऐकते. म्हणून तर येतेय.

देवा, तिला ताप येऊ दे. ऑर्डर अडकू दे.

येऊ दे तिला — नको —

सोमवार

कमरेपर्यंत. नखं तुटली उकरताना. निघाले बाहेर. उद्या निघता येणार नाही.

बोट दिसतेय. पुढे पिवळं.

तीच. दोन्ही हात हलवतेय. लहानपणी शाळेच्या फाटकातून हलवायची तसे. ताई, ताई म्हणत असेल.

मी पाण्यात उभी आहे. बॅग डोक्यावर — कधी घेतली आठवत नाही. वही बॅगेला टेकवून लिहितेय.

ती कडेवर बसली. पाय बाहेर सोडले. हसतेय. विचारतेय, कसं आहे बेट?

ओरडणार आहे मी. ठरवलंय. ताईनं ठरवलं की ठरलं. सांगणार आहे तिला सगळं, फक्त आधी तिची पावलं वाळूत टे—