दाजींच्या हातचा चमचा

सातपूर, नाशिक
१२ सप्टेंबर १९८४

तीर्थस्वरूप बहिरूदाजींस,

सावळीरामचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे मालनची कंबर, धाकट्याचा खोकला आणि माझी झोप एवढे सोडून. सगुणाअक्काचे गुडघे आता कसे आहेत? (ती अजून दिवेलागणीला दुकानात बसून तुमच्या कामावर रंधा फिरवते का? फिरवू देऊ नका, गुडघ्यांना ते बरे नाही.) आमच्या लग्नात तुम्ही स्वतःच्या हाताने करून दिलेला पलंग अजून टिकून आहे. त्यावर झोपलेला माणूस सकाळी दक्षिणेच्या भिंतीला चिकटलेला सापडतो, पण भिंत आपलीच असल्यामुळे तक्रार नाही. तुमच्याच हातच्या पाटाच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली की पाहुणासुद्धा त्यावर बसू शकतो. हरसूलला सुताराचे दुकान एकच आहे हे बहिरूचे भाग्य, असे आमचे आबा, म्हणजे तुमचे सासरे, नेहमी म्हणत. कोणत्या सुरात म्हणत ते आता कशाला आठवायचे. पत्र लिहिण्याचे विशेष कारण काही नाही. सहज तुमची आठवण झाली.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी इथल्या कारखान्यात पॅकिंग खात्यात खोकी ठोकतो. सुताराचा मुलगा खोकी ठोकतो म्हणून आबा शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत, पण पगार वेळेवर होतो आणि खोक्यात कोणी झोपायला येत नाही. तर आमच्या मोठ्या साहेबांना कंपनीने गेल्या साली मशिनरी बघायला स्वीडन देशात पाठवले. मशिनरी त्यांनी बघितली असेलच. येताना मात्र ते चामड्याच्या म्यानातली सुरी, वीतभर कुऱ्हाड आणि एक नवे वेड घेऊन आले. तिकडचे मोठमोठे लोक म्हणे सुटीच्या दिवशी रानात जातात, झाडाखाली बसतात आणि ओल्या लाकडाचे चमचे कोरतात. त्याने मनाला शांती मिळते. (आबांनी जन्मभर झाडाखाली बसून लाकूडच तासले. त्यांना शांती मिळालेली तुम्ही कधी बघितली का? मला तरी फेकून मारलेला तासायचा वाकसच आठवतो.) आता साहेबांना शांती मिळाली म्हणजे ती सगळ्या कारखान्याला मिळालीच पाहिजे. तेव्हा ‘काष्ठकला मंडळ’ निघाले. दर रविवारी सकाळी कंपनीची बस आम्हाला गंगापूर धरणाच्या अंगाला, कालव्याच्या काठी नेऊन सोडते. येण्याची सक्ती नाही. न आलेल्यांची नावे फक्त साहेबांच्या लक्षात राहतात.

साहेब मधोमध घोंगडीवर बसतात (घोंगडी हरसूलच्या बाजारची, बसणे स्वीडनचे) आणि भोवती आम्ही पंगतीला बसल्यासारखे, हातात लाकूड आणि तोंडावर शांती घेऊन. साहेबांच्या चमच्यांबद्दल मी नोकरीत असेपर्यंत काही लिहिणार नाही. स्टोअरमध्ये झुंबर म्हणून एक गडी आहे. त्याने दुसऱ्याच रविवारी चमच्याच्या ऐन पोटात भोक पाडले. साहेब म्हणाले, यात एक मोकळेपणा आहे. पुढच्या खेपेला झुंबरने अंगठा कापून घेतला आणि साहेबांनी तो स्वतःच्या रुमालाने बांधला. त्याच्या पुढच्या रविवारी तिघांचे अंगठे कापले, पण साहेबांकडे रुमाल एकच होता.

तुम्ही म्हणाल, हा सावळीराम एवढा जळतो का. तर आमच्या खात्याचे सुपरवायझर देवराम दिवाळीला रिटायर होतात. खात्यात सगळ्यांत जुना मी. त्यांची खुर्ची मिळाली की कायमची जनरल पाळी, संध्याकाळी घरी, पोरांच्या पंगतीला जेवण. मालनने त्या खुर्चीसाठी कालिकेला नवस बोलला आहे. आणि त्याच खुर्चीवर झुंबर रुमाल बांधलेला अंगठा ठेवून आहे.

म्हणून इतके दिवस मी शहाण्यासारखा वागलो. लाकूड नुसते धरून बसायचो आणि साहेबांनी बघितले की कपाळाचा घाम पुसायचो. पण श्रावणातल्या एका रविवारी उघडीप पडली होती, हवा गार होती, बाभळीची ओली फांदी हाताला लागली आणि हात कधी चालू लागला ते मलाच कळले नाही. दाजी, तुम्हाला हा अनुभव नसेल, पण लाकूड आपण होऊन सांगत जाते की आता इथून घे, आता इथे थांब. तासाभरात चमचा झाला. खरे सांगतो, आबा गेल्यापासून इतके बरे मला कधी वाटले नव्हते. तो गुडघ्यावर पुसत बसलो होतो, तेवढ्यात बांधावरून फुलाबाई म्हणून एक म्हातारी तरातरा आली. बाभूळ तिची होती, हे मंडळाला तेव्हा कळले.

तिने आधी आमच्या पँटी बघितल्या, मग आमची कलाकुसर. पगारी माणसांच्या घरात एक चमचा नसावा, याची तिला फार कीव आली. साहेबांना वाटले की ग्रामीण भागातून कौतुक होत आहे, म्हणून त्यांनी आपला चमचा पुढे केला. तिने तो उलटासुलटा केला आणि बुटात पाय घालायला आहे का, असे विचारले. मग तिने माझ्या हातातला उचलला, अंगठा त्याच्या पोटातून फिरवला आणि साहेबांच्या नाकासमोर धरला.

“ह्यो चमचा हाय. बाकीचं चुलीत घाला.”

कोणी हसले नाही. (झुंबर खोकला.) साहेबांनी माझा चमचा तिच्या हातातून घेतला, अभ्यासासाठी ठेवतो म्हणाले आणि खिशात घातला. सोमवारपासून मला तिसरी पाळी लागली. कारण विचारायला गेलो तर म्हणाले, तुमच्यासारख्या कलावंताला शांतता हवी.

आता खंडेनवमीला मशिनींची पूजा होईल तेव्हा मंडळाच्या चमच्यांचे प्रदर्शन आहे. पहिला नंबर कोणाचा ते ठरलेले आहे, भांडण दुसऱ्याचे आहे, आणि जो दुसरा तो सुपरवायझर असे सगळा कारखाना धरून चालला आहे. म्हणजे मला साहेबांच्यापेक्षा वाईट चमचा केला पाहिजे. ते सोपे नाही. डाव्या हाताने केला, तो मालनने पिठल्याला घेतला. डोळे मिटून केला, तो शेजारच्या लताबाई मागून घेऊन गेल्या. मुद्दाम वाकडा केला तर मुद्दाम केलेला दिसतो, आणि साहेबांना थट्टा वाटली तर तिसरी पाळीसुद्धा हातची जाईल. आबांनी लहानपणी मारून मारून हात असा सरळ करून ठेवला आहे की आता तो पोटावर उठला आहे.

असो. पत्र फार लांबले. अक्काला नमस्कार, पोरांच्या पाठीवरून हात फिरवावा आणि तुम्ही बसवलेल्या दुकानाच्या दारालाही, धक्का न देता, मी आठवण काढली म्हणून सांगावे.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
सावळीराम

ता. क. विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. तुमच्या हातचे चार चमचे करून पाठवाल का? हरसूलहून सकाळच्या एस्टीच्या कंडक्टरजवळ द्यावेत, मी स्टँडवर उतरवून घेईन. लाकूड कोणतेही चालेल. मापे पाठवत नाही, मापांचा तुमच्यावर कधी परिणाम झालेला नाही.

ता. क. मेहुण्याचे काम म्हणून जीव ओतून करू नका. गिऱ्हाइकाला करता तसेच करा. वर्षानुवर्षे खपून तुम्ही जे कमावले आहे ते दुसऱ्या कोणाला जमत नाही, हे मला इतक्या उशिरा कळले याचे वाईट वाटते.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच साहेबांचे बोलावणे आले, म्हणून हे कोपऱ्यात लिहितो. माझा तो चमचा बाईसाहेबांना फार आवडला आहे. साहेबांनी तो आपण केला असे घरी सांगितलेले दिसते, कारण बाईसाहेब आता तसलाच दुसरा मागत आहेत. साहेब दार लोटून हळू आवाजात म्हणाले, “सावळीराम, आणखी एक होईल का? बोलायचं नाही कुठं.” होईल म्हणालो. तुमच्या खुर्चीचे बघतो म्हणाले, पण प्रदर्शनात जरा सांभाळून. म्हणजे आता साहेबांच्या नावावर माझा चमचा आणि माझ्या नावावर तुमचे. तुमच्या नावावर कोणाचे काम खपते ते सगळ्या हरसूलला ठाऊक आहे, तेव्हा दाजी, पाया पडून सांगतो, चमचे झाले की दिवेलागणीच्या आत दुकानातून हलवा. अक्काचा एक हात फिरला तरी माझी खुर्ची गेली.